गरवायला येताय?

रविवारी पहाटे पाच वाजता हॉस्टेलवर दोनच प्रकारचे प्राणी जागे सापडतात. एक, ज्याचं सोमवारचं सबमिशन अजून इंडेक्सच्या पुढे सरकलेलं नाही. आणि दुसरा, जो चपला हातात घेऊन, रूम पार्टनरची झोप न मोडता, अंधारात जिना उतरतोय. या दुसऱ्याच्या पिशवीत जुनी टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, मेसमधून मागून घेतलेल्या चार चपात्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोळंबी असते. पहिल्या प्राण्याविषयी आजवर प्रत्येक अंकात कुणी ना कुणी लिहिलेलं आहेच. हा लेख दुसऱ्याविषयी.

रत्नागिरीत चार वर्षं काढून समुद्र फक्त मांडवीच्या जेट्टीवर उभं राहून पाहिलेले कितीतरी जण आपल्यात आहेत. त्यात गैर काही नाही. पण समुद्राकडून किनारा कसा दिसतो, हे एकदा तरी बघावं असं आम्हा पाच-सहा जणांना वाटतं. त्यासाठी सर्वात चांगलं निमित्त म्हणजे गरवणं.

गरवणं म्हणजे काय?

घाटावरून आलेल्या मित्रांसाठी आधी खुलासा. मासे पकडायच्या गळाला कोकणात गरी म्हणतात, आणि गरीने मासे धरायचे म्हणजे गरवायचं. खडकावर बसून गरवता येतं, खाडीत गरवता येतं, आणि होडीतून समुद्रात जाऊनही गरवता येतं. आम्ही जातो ते होडीतून. फायबरची होडी, मागे आऊटबोर्ड इंजिन, तांडेल म्हणून आमचे चाचा, मदतीला त्यांचा भाचा, आणि आम्ही चार-पाच जण. इंधनाचा खर्च आणि चाचांची मजुरी सगळ्यांत वाटून घ्यायची. होडी बंदरावर नोंद केल्याशिवाय निघत नाही.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की असावी लागते. मिरकरवाड्याच्या बंदरातून ज्या शेकडो नौका बाहेर पडतात, त्यांचं पोट या समुद्रावर आहे. आपण हौशी. आपल्याला मासा मिळाला नाही तरी रात्री मेसचं जेवण मिळणारच आहे! म्हणून कुणाच्या जाळ्याच्या आसपास नांगर टाकायचा नाही, त्यांच्या वाटेत थांबायचं नाही, आणि मिळालेला मासा विकायचा नाही. मिळेल ते होडीतल्या सगळ्यांत सारखं वाटायचं. चाचांचा वाटा पहिला.

तिथीची पाऊणपट

कधी निघायचं हे घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो कॅलेंडरकडे बघून भरतीची वेळ सांगेल. रीत सोपी आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर ६ वाजता. दिवसातून दोनदा भरती, म्हणून पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा अशी साधारण वेळ धरायची. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

आता आपण इंजिनीअर, म्हणून 'का?' विचारायचंच. चंद्र रोज उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही उशिरा येते. एका चांद्रमासात, म्हणजे ३० तिथींत, हा उशीर बरोबर २४ तासांचा होतो. २४ तासांची १४४० मिनिटं, भागिले ३०, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. ४८ ने तोंडी गुणाकार कोण करणार? म्हणून जुन्या लोकांनी ४५ धरली. तिथीमागे ३ मिनिटांची तफावत, पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटांची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांनी शोधलेलं हे अप्रॉक्सिमेशन आपल्या बऱ्याच प्रॅक्टिकल्सच्या 'परसेंटेज एरर'पेक्षा चांगलं आहे! अर्थात प्रत्येक बंदराची वेळ थोडी मागंपुढं असते, म्हणून निघण्यापूर्वी छापील कोष्टकही बघतोच.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात ओढतं. अशा वेळी दोरीला बांधलेलं शिसं तळाला राहत नाही, वाहून जातं. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो, तेव्हा ओढ कमी. नवख्यांना भांगच बरा. पण पाणी अगदी थांबलं की मासाही तोंड उघडत नाही. थोडं वाहतं पाणी पाहिजे, म्हणजे खाणं वाहत येतं आणि मासा फिरू लागतो.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? ते इथे प्रत्यक्ष भेटतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. याच्यात समुद्र बहुधा शांत असतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून आत येतो, लाटा उठवतो. म्हणून उजाडायच्या आत निघायचं आणि दुपारचा वारा पडायच्या आत परतायचं. पहाटे उठण्यामागे वैराग्य वगैरे काही नाही, नुसतं थर्मोडायनॅमिक्स आहे.

वर्कशॉप पाण्यातलं

सामान फार लागत नाही. तंगूस म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, तिच्या टोकाला शिसं, थोड्या अंतरावर एक-दोन गऱ्या, आणि गरीला कोळंबी, म्हाकलाची पट्टी किंवा तारलीचा तुकडा. चाचा हातानेच गरवतात. बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात, नाहीतर मोठा मासा ओढायला लागला की तंगूस बोट कापते. आमच्यातल्या दोघांकडे रॉड आणि रीळ आहे.

रिळावर ड्रॅग नावाची चकती असते. ती म्हणजे फ्रिक्शन क्लच, दुसरं काही नाही. ठरावीक ओढीपेक्षा जास्त जोर आला की क्लच घसरतो आणि दोरी सुटत जाते, तुटत नाही. दोरी जितक्या जोराला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांश जोराला ड्रॅग लावायचा, असा नियम. म्हणजे १० किलोला तुटणारी दोरी असेल तर अडीच-तीन किलोला. फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन-चार का ठेवायचा, हे डिझाईनच्या पेपरात लिहिताना पटलं नव्हतं. दोरीत गाठ असते, गाठीपाशी दोरी कमकुवत होते, आणि मासा शेवटच्या क्षणी होडी बघून जो झटका देतो तो कुठल्याच तक्त्यात नसतो. एकदा चांगला तांबोसा काठापाशी येऊन सुटला की हा धडा कायमचा लक्षात राहतो.

पण आम्हाला सर्वात आवडतो तो चाचांचा नांगर. पाण्याची खोली ते वावात मोजतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण सहा फूट. दहा वाव पाणी असेल तर दोर तीस ते पन्नास वाव सोडतात. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि नांगर रुततो. दोर उभा असला की नांगर उचकटतो. आता मासे असतात खडकापाशी, आणि खडकात नांगर अडकला की निघत नाही. म्हणून चाचा मुख्य दोर नांगराच्या खालच्या टोकाला बांधतात, आणि वरच्या कडीला नुसत्या बारीक सुतळीने आवळतात. एरवी ओढ सुतळीमार्फत वरून बसते. नांगर अडकला की होडी वर आणून जोरात ओढायचं, सुतळी तुटते, आणि नांगर उलट्या बाजूने अलगद सुटतो. शिअर पिन! मशीन वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. आमच्याबरोबर येणाऱ्या मेकॅनिकलच्या सरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. हे त्यांच्या लेक्चरला बसलेल्यांना खरं वाटणार नाही.

खडक कुठे आहे हे कळतं कसं? आता जीपीएस आहेच, चाचांच्या भाच्याच्या मोबाईलमध्येही आहे. पण चाचा अजून किनाऱ्याकडेच बघतात. रत्नदुर्गावरचं दीपगृह मागच्या एका डोंगराच्या टोकाशी जुळलं पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला एक ठरावीक झाड एका ठरावीक घराच्या रेषेत आलं पाहिजे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडक. सिव्हिलवाल्यांनी सर्व्हेइंगमध्ये हे केलेलं आहे. ती दोन झाडं-घरं कुठली, हे मात्र लेखात लिहिणार नाही. चाचा होडीत घेणार नाहीत!

'बसा खाली!'

मासा लागला की काय होतं? तंगुशीतून आधी टक-टक असा बारीक इशारा येतो. मग एकदम ओढ. ज्याला लागला तो ओरडतो आणि बाकीचे सगळे त्याच बाजूला बघायला धावतात. तेव्हा चाचांचा आवाज येतो, 'बसा खाली!' आमचे सर असोत की फर्स्ट इयरचा मुलगा, आवाज तोच. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मेटासेंट्रिक हाईटचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय (निदान जर्नलमध्ये तरी). वजन वर गेलं की ही उंची कमी होते, वजन एका बाजूला गेलं की होडी कलते. लहान होडीत दोन्ही एकदम झालं तर काय होईल, ते काढून बघायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

म्हणून होडीत काही नियम आहेत. लाईफ जॅकेट बंदरातून निघतानाच घालायचं, पोहता येणाऱ्यानेही. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघायचा. कुठे जातोय, कधी परतणार, हे हॉस्टेलवर एकाला सांगून ठेवायचं. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजे. रेंज कधी असते कधी नसते, म्हणून चाचांकडे वायरलेस असतो. शेंगटीचा काटा विषारी असतो, पाकटाच्या शेपटीचाही. लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. म्हणून थर्मासमध्ये चहाबरोबर एक साध्या गरम पाण्याचाही असतो. केंड हा मासा फुग्यासारखा फुगतो, चोचीसारख्या दातांनी तंगूस कापतो आणि तो विषारी आहे. दिसायला कितीही गमतीदार असला तरी खायचा नाही.

आणि होडी लागणं. ज्याला उलट्या होतात त्याला हसायचं नाही. डोळे म्हणतात होडी स्थिर आहे, कान म्हणतात हलतेय, या भांडणात पोट मरतं. क्षितिजाकडे बघावं, इंजिनच्या धुरापासून दूर बसावं. बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं जगप्रवास केलेल्या डार्विनलाही समुद्र लागायचा, तिथे आपली काय कथा!

'परत जाऊया'

या सगळ्यांच्या वरचा एक नियम आहे. होडीतल्या कुणीही एकाने 'परत जाऊया' म्हटलं, की परत फिरायचं. कारण विचारायचं नाही. मतदान नाही.

मागच्या डिसेंबरात लातूरकडचा फर्स्ट इयरचा एक मुलगा पहिल्यांदा आमच्याबरोबर आला होता. समुद्रच त्याने त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिलेला. साडेसातच्या सुमारास आम्हाला लागोपाठ मासे लागायला लागले. दोन तांबोसे, एक हेकरू, वर्षातून एखादाच असा दिवस येतो. आणि हा हळूच म्हणाला, 'मला परत जायचंय.' एक क्षण कुणी काही बोललं नाही. चाचांनी हातातली तंगूस गुंडाळली आणि भाच्याला म्हणाले, 'नांगर घे.'

तुम्हाला वाटेल पुढे वादळ आलं असेल. काही आलं नाही. दुपारपर्यंत समुद्र तेलासारखा सपाट होता. आम्ही साडेआठला बंदरात होतो. मुलाचा चेहरा उतरलेला. चाचांनी त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि म्हणाले, 'तू बोललास ते बरं केलंस. जो बोलत नाही त्याची मला भीती वाटते.'

नंतर यावर आम्ही बरंच बोललो. हॉस्टेलवर आपला ग्रुप कसा ठरवतो? चौघं 'हो' म्हणतात, पाचव्याला नको असतं, पण तो 'भित्रा' म्हणवून घ्यायला तयार नसतो, म्हणून तोही निघतो. सिनेमाला जाताना याने काही बिघडत नाही. समुद्रावर बिघडतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला सहलीसाठी आलेले पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या आहेत. त्या प्रत्येक ग्रुपमध्ये काय बोलणं झालं असेल ते आपल्याला माहीत नाही. पण आपल्या ग्रुपमध्ये 'नको' म्हणणाऱ्याचं काय होतं, ते आपल्याला नक्की माहीत आहे.

तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा आला. दुपारच्या वेळेपर्यंत थांबला. त्याला कुणीही चिडवलं नव्हतं, म्हणून आला. आज आमच्यात सर्वात पक्की गाठ तोच मारतो.

मोठा ठेवावा की लहान?

गरीने धरण्यातला एक फायदा म्हणजे नको तो मासा सोडता येतो. पण इथेही विज्ञान आडवं येतं. दहा वाव म्हणजे १८ मीटर. तिथे दाब साधारण २.८ अ‍ॅटमॉस्फिअर. तांबोसा किंवा हेकरू तिथून झटकन वर आणला की बॉईलच्या नियमाने त्याच्या पोटातली हवेची पिशवी जवळजवळ तिप्पट फुगते. मग सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही, तो पाण्यावर तरंगत राहतो. म्हणून लहान मासे लागोपाठ यायला लागले की आम्ही जागाच बदलतो. उथळ पाण्यातला मासा मात्र ओल्या हाताने धरून लगेच सोडला तर चांगला जगतो.

दुसरी गंमत. हेकरूच्या बऱ्याच जाती आधी मादी असतात आणि मोठेपणी नर होतात. जिताड्याचं बरोबर उलटं, तो आधी नर आणि मोठा झाल्यावर मादी. म्हणजे फोटोसाठी मोठेच मासे उचलत गेलं, तर एका जातीचे बाप संपतील आणि दुसऱ्या जातीच्या आया. लहान धरले तर पुढची पिढी संपेल. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. आमचा हिशेब त्याहून सोपा आहे : मधल्या आकाराचे, आणि त्या रात्री खाऊन संपतील तेवढेच.

आणि ते संपतातच! मेसचे मामा रविवारी संध्याकाळी कोपऱ्यातली एक शेगडी आम्हाला देतात. मासा साफ मामा करतात, कारण आम्ही केलेला त्यांना बघवत नाही. तिरफळ आणि कोकम घातलेलं तिखलं, गरम भात, आणि वाटेकरी बारा. पैकी होडीत चौघंच होते. बाकीचे आठ जण 'आम्ही सबमिशनमध्ये होतो' म्हणणारे. त्यांनाही वाढतो. रिकाम्या हाताने आलो तर मामा पिठलं टाकतात आणि 'आज तुमचा मासा पिवळा निघाला' म्हणतात.

येणार असाल तर

पावसाळ्यात यायचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ तो, आणि समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमा झाली, पाऊस सरला आणि पाणी निवळलं की मग. गरी बांधता येत नसेल तर चालेल, मासा खात नसाल तरी चालेल. आमच्यातला एक शुद्ध शाकाहारी आहे, तो फक्त सूर्योदय आणि डॉल्फिन बघायला येतो आणि नांगर ओढायला सगळ्यांच्या पुढे असतो.

एकच अट आहे. नको वाटलं तर 'नको' म्हणायचं, आणि दुसरा म्हणाला तर हसायचं नाही. एवढं जमत असेल तर शनिवारी रात्री येऊन नाव सांगा. होडीत जागा सहाचीच आहे, आणि कोळंबी ज्याची त्याने आणायची आहे!